वळीव, अवकाळी आणि गच्चीवरचे सांडगे

बेळगावच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, त्यांच्या घरी मे महिन्यात दुपारनंतर येणाऱ्या पावसाला सगळे ‘वळीव’ म्हणतात, पण सुट्टीला आलेली पुण्याची आतेबहीण त्याच पावसाला ‘अवकाळी’ म्हणते आणि ‘वळीव’ हा शब्द गावठी, बहुधा कानडीतून आलेला आहे, असे सांगते. यांतले बरोबर कोणते, ‘वळवाचा’ लिहावे की ‘वळिवाचा’, आणि शब्द खरोखर कानडी आहे का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तो शुद्धाशुद्धाचा नसून अर्थाचा आहे. ‘वळीव’ आणि ‘अवकाळी’ हे समानार्थी शब्द नाहीत. अवकाळी पाऊस म्हणजे ज्या काळात पाऊस अपेक्षित नाही अशा काळात आलेला पाऊस. बेळगावच्या आसपास येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारात भाताची कापणी होऊन त्याच रानात मसूर, हरभरा उभा असतो, आंब्याला आणि काजूला मोहोर धरलेला असतो आणि अशा वेळी डिसेंबर-जानेवारीत आभाळ भरून येते, तेव्हा पडतो तो अवकाळी. त्याची कोणी वाट पाहिलेली नसते आणि तो कोणाच्या उपयोगाचाही नसतो. वळवाचे तसे नाही. एप्रिलच्या उत्तरार्धापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, म्हणजे सूर्याच्या भरणी, कृत्तिका आणि रोहिणी या नक्षत्रांच्या काळात, या भागात एक-दोन वळीव व्हावेत अशी शेतकऱ्याची अपेक्षाच असते. वळीव झाल्याशिवाय तापून दगड झालेल्या रानात नांगर चालत नाही, आणि मशागत झाल्याशिवाय बेळगाव व खानापूर तालुक्यांत रोहिणीच्या सुमारास कोरड्या मातीत भाताची जी धूळवाफ पेरणी करतात ती होत नाही. ज्या पावसाच्या भरवशावर वर्षाचे पहिले काम सुरू होते त्याला ‘अवकाळी’ म्हणणे म्हणजे घरी बोलावलेल्या पाहुण्याला आगंतुक म्हणण्यासारखे आहे. अर्थात वळीव बेताचा हवा. तो लागून राहिला आणि रानाचा चिखल झाला, तर धूळवाफेतली धूळच नाहीशी होते, आणि मग शेतकरी त्याच पावसाला ज्या शब्दांनी संबोधतो ते येथे लिहिण्याजोगे नाहीत.

मग आतेबहिणीचा घोटाळा कशामुळे झाला असेल? माझा अंदाज असा की, बातम्यांच्या भाषेत पावसाचे नाव त्याच्या काळावरून न ठरता नुकसानीवरून ठरू लागले आहे. आंबा झडला, पत्रे उडाले, वीज पडून जनावर दगावले, की तो पाऊस अवकाळी. पंचनामा आणि भरपाई यांच्या कागदांतून ‘अवकाळी पाऊस व गारपीट’ ही जोडी इतकी रुळली आहे की, मे महिन्यातली साधी सरदेखील तिच्यात ओढली जाते. परंतु वळवाने नुकसान होतच नाही असे कोणी कधी म्हटलेले नाही. वादळ, विजा आणि गारा हे तर वळवाचे लक्षणच आहे. ‘मान्सूनपूर्व पाऊस’ हा शब्दप्रयोग मात्र बरोबर आहे, कारण हवामान खाते मार्च ते मे हा काळ मान्सूनपूर्व हंगाम म्हणूनच मोजते. पण ‘काल मान्सूनपूर्व पडला’ असे कोणी घरात बोलत नाही, आणि ‘काल वळीव पडला’ असे म्हटले की ऐकणाऱ्याला वेळ, वारा, गडगडाट आणि मातीचा वास हे सारे वेगळे सांगावे लागत नाही.

वळीव आणि मोसमी पाऊस यांतला फरक आमच्या घरी शब्दकोशाने नव्हे, तर गच्चीने शिकवला. आमच्याकडे सांडगे आणि कुरडया मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत रेंगाळतात, कारण आई आधी माहेरची कामे उरकते आणि मग आपली. जुने लुगडे बाजेवर पसरून त्यावर सांडगे घातलेले असतात, दुपारी तीनच्या सुमारास वारा एकदम पडतो, पूर्वेकडे काळे-निळे आभाळ उभे राहते, आणि खालून आजीची हाक येते, ‘वळीव येऊलालाय गं, वाळवण आत घे.’ त्यानंतर पाच-सात मिनिटे मिळतात. लुगड्याची चार टोके चौघांनी धरायची, मधला भाग खोलगट होऊन सांडगे एकमेकांवर घसरणार नाहीत इतपत ते ताणायचे आणि जिन्यावरून आडवे होऊन उतरायचे, हे काम ज्याने केले आहे त्याला वळवाची व्याख्या विचारावी लागत नाही. गेल्या वर्षी एका टोकाला नवखा भाचा होता. पहिली गार अंगावर पडताच त्याने टोक सोडून गारा वेचायला धाव घेतली, आणि अर्धे सांडगे जिन्यात गेले. भिजलेले उरलेसुरले आईने रात्रभर पंख्याखाली वर्तमानपत्रावर वाळवले. आजी त्यांना ‘वळवाचे सांडगे’ म्हणत असे आणि ते तळल्यावर जरा चिवट लागतात हे तिने शेवटपर्यंत मान्य केले नाही.

या प्रसंगातला भाषेच्या दृष्टीने महत्त्वाचा तपशील म्हणजे ‘पूर्वेकडे’. आमच्याकडे मोसमी पाऊस पश्चिमेकडून, सह्याद्रीच्या अंगाने येतो, तो दिवसरात्र झिमझिमत राहतो आणि त्यात गडगडाट फारसा नसतो. वळीव बहुतेक वेळा उलट्या अंगाने, दिवसभर तापलेल्या पूर्वेच्या मैदानावरून चढून येतो आणि तासाभरात आवरतो. ‘वळणे’ या धातूला ‘ईव’ प्रत्यय लागून ‘वळीव’ झाला असावा, असे त्याच्या रचनेवरून दिसते. कोरीव, घडीव, राखीव, पाळीव हे शब्द याच साच्यातले आहेत. ही व्युत्पत्ती धरली तर ‘वळीव’ म्हणजे वळून आलेला, नेहमीची वाट सोडून दुसऱ्या अंगाने आलेला पाऊस. म्हणजे एक नाव दिशेवरून पडलेले आहे आणि दुसरे काळावरून, आणि म्हणूनच ती एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

याच कारणाने वळवाची मुदत तारखेवर काटेकोर बसवता येत नाही. २०२५ साली मोसमी पाऊस केरळात २४ मे रोजीच पोहोचला आणि मुंबईत २६ मे रोजी, तेव्हा मेअखेरच्या पावसाला वळीव म्हणावे की नाही, यावर आमच्या गल्लीत कट्ट्यावर वाद झाला. दिनदर्शिका पाहणारे वळीव म्हणत होते, कारण मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, लागायला अजून दोन आठवडे होते. आभाळ पाहणारे नाही म्हणत होते, कारण पाऊस पश्चिमेचा होता आणि थांबत नव्हता. मी दुसऱ्या पक्षाचा आहे. आजीची व्याख्या याहून सोपी होती: घरात पाहुणे असताना येतो तो वळीव, पाहुणे परत गेल्यावर येतो तो मिरग. सीमेवरच्या घरात या व्याख्येलाही एक अडचण आहे. आमच्या मुलांची कर्नाटकातली शाळा मे संपता संपता उघडते, तर कोल्हापूरहून आलेल्या आतेभावंडांची जूनच्या मध्यावर, त्यामुळे एकाच पडवीत दोघे दप्तर भरत असतात आणि दोघे आढीतला शेवटचा आंबा शोधत असतात. उन्हाळा संपला की नाही, यावर त्या घरात एकमत होणे अशक्य आहे.

‘वळवाचा’ की ‘वळिवाचा’, याचे उत्तर थोडक्यात देता येते. कापूस-कापसाचा, लाकूड-लाकडाचा, तारीख-तारखेला या शब्दांप्रमाणे सामान्यरूपात मधल्या ‘ई’चा किंवा ‘ऊ’चा ‘अ’ होतो, तसा येथे ‘ई’चा ‘अ’ होऊन ‘वळवाचा’ हे रूप होते, आणि बेळगाव-कोल्हापूरकडच्या बोलण्यात तेच ऐकू येते. ‘जाणीव-जाणिवेचा’ या वळणाने ‘वळिवाचा’ असेही लिहितात आणि ते छापील मजकुरात सर्रास आढळते, त्यामुळे त्याला चूक म्हणण्याचे कारण नाही. ‘वळीवाचा’ असा दीर्घ ‘ळी’ मात्र लिहू नये. ‘वळवाचा’ हे रूप ऐकून मूळ शब्द ‘वळवा’ असावा असे समजून ‘वळवा पाऊस’ लिहिणारेही भेटतात. मूळ शब्द ‘वळीव’च आहे. तो पुल्लिंगी नाम म्हणून एकटाही चालतो, ‘पाऊस’ हा शब्द जोडलाच पाहिजे असे नाही.

राहिला कानडीचा प्रश्न. ‘वळीव’ कानडी नाही. आमच्या भागातले कन्नड भाषक या पावसाला ‘अड्डमळी’ म्हणतात. ‘मळी’ म्हणजे पाऊस आणि ‘अड्ड’ म्हणजे आडवा. शब्द वेगळा असला तरी पाहण्याची रीत मात्र तीच आहे: मराठीने त्याला वळलेला म्हटले आणि कन्नडने आडवा, दोघांनीही तो सरळ वाटेने येत नाही एवढेच टिपले. पावसाची नक्षत्रेही दोन्ही घरांत सारखीच मोजली जातात. ‘रोहिणी मळी बंद्रे ओणियेल्ला जोळ’, म्हणजे रोहिणीचा पाऊस आला तर गल्लीभर जोंधळा, ही कन्नड म्हण मी शेजारच्या अज्जींकडून ऐकली आणि ती ऐकताना भाषांतराची गरज पडली नाही. सांडगे जिन्यात सांडले त्या दिवशी याच अज्जी कंपाउंडच्या भिंतीपलीकडे शेवया गोळा करत होत्या. ‘अड्डमळी बंतु री!’ असे त्यांनी ओरडून सांगितले आणि आमच्या आजीने इकडून उत्तर दिले, ‘वळीव हो, मिरग नव्हे, तासाभरात उघडेल.’ पाऊस पाऊण तासात उघडला आणि दोघींनी आपापल्या गच्चीवर पुन्हा बाज लावली.