वाचकांचे प्रश्न : व्हायरस वापरून जीन गप्प करताना

प्रश्न : मुलगी पुण्यात पीएचडी करतेय, मानवी पेशींवर काम आहे. परवा फोनवर सहज बोलून गेली की एचआयव्हीपासून बनवलेला व्हायरस वापरून ती जीन बंद करते. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. हे सेफ असतं का? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, एचआयव्ही म्हटलं की पोटात गोळा येणारच. पण या लेंटिव्हायरल व्हेक्टरमधून, म्हणजे एचआयव्हीपासून बनवलेल्या या वाहक व्हायरसमधून, रोग वाढवणारे बरेचसे जीन्स काढून टाकलेले असतात, आणि व्हायरस बांधायला लागतात तेवढे वेगवेगळ्या प्लाझ्मिडवर (डीएनएच्या छोट्या गोल तुकड्यांवर) ठेवून एचईके २९३टी या लॅबमध्ये वाढवलेल्या मानवी पेशींमध्ये सोडतात, मग दोन-तीन दिवसांनी त्या पेशींवरचा गुलाबी मीडिया (पेशी वाढवायचा द्रव) ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घेतात, त्यात व्हायरस असतो. तो पेशीत एकदा शिरतो, आपला तुकडा तिच्या डीएनएत बसवतो आणि थांबतो, पुढे स्वतःच्या कॉपी काढू शकत नाही.

तरी बिनधास्त राहा असं नाही म्हणणार, कारण त्याला आवरण व्हीएसव्ही नावाच्या दुसऱ्याच व्हायरसचं दिलेलं असतं आणि त्यामुळे तो जवळपास कुठल्याही मानवी पेशीत शिरतो. बंद करायचा जीन पी५३ सारखा कॅन्सर अडवणारा असेल तर जास्तच जपायला हवं. बीएसएल-२ लॅब (जैवसुरक्षेची दुसरी पातळी), बायोसेफ्टी कॅबिनेट (हवा गाळणारं कामाचं कपाट), डबल ग्लोव्हज, सुया शक्यतो नाहीतच, कचरा आधी ब्लीचमध्ये, हे सगळं आहे ना एवढं तिला विचारा. असेल तर काळजी सोडा.

प्रश्न : एमएस्सी प्रोजेक्टला कॅन्सर सेल लाइनमध्ये (लॅबमध्ये वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींत) एसएचआरएनए, म्हणजे हेअरपिनसारखा दुमडलेला छोटा आरएनए, वापरून एक जीन नॉकडाऊन केला, म्हणजे दाबला. दोन वेगळे हेअरपिन घेतले, दोन्हींनी त्या जीनचा आरएनए सारखाच कमी होतो, पण पेशी मरतात फक्त पहिल्याने. गाइड म्हणतात पहिल्याचाच डेटा टाक. काय करू? – विद्यार्थी, नागपूर

उत्तर : एकट्या पहिल्याचा अजिबात टाकू नकोस. हेअरपिनपासून पेशीत साधारण २१ अक्षरांचा छोटा आरएनए तयार होतो, त्यातली दुसरी ते आठवी एवढी अक्षरं दुसऱ्या जीनच्या आरएनएशी जुळली तरी तो जीनही थोडाफार दबतो, आणि अशी जुळणारी ठिकाणं पेशीत ढिगाने असतात. म्हणजे पेशी तुझ्या जीनमुळे मरतायत की भलत्याच, हे एका हेअरपिनवरून कळूच शकत नाही.

हे किरकोळ नाही रे. मेल्क नावाच्या जीनचं बघ, आरएनएआयच्या, म्हणजे अशाच छोट्या आरएनएने जीन दाबण्याच्या, प्रयोगांवरून तो कॅन्सरला अत्यावश्यक मानला गेला, त्याच्यावरचं औषध पेशंटवरच्या ट्रायलपर्यंत गेलं, आणि २०१७ मध्ये अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर लॅबच्या गटाने क्रिस्पर या डीएनए कापायच्या तंत्राने तो जीनच मोडून दाखवला तर पेशी आरामात वाढत राहिल्या. वर ते औषध मेल्क नसलेल्या पेशींनाही मारत होतं! पेशंटचा जीव गुंतलेला असतो यात, म्हणून मला हे फार लागतं.

आधी वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन किती उरलंय ते दाखवणारी चाचणी) कर, आरएनए कमी झाला तरी जुनं प्रोटीन काही दिवस टिकतं, कदाचित दुसऱ्या हेअरपिनमध्ये ते अजून उतरलेलंच नसेल, तर चार-पाच दिवस थांबून परत बघ. कंट्रोलला, म्हणजे तुलनेच्या पेशींना, स्क्रॅम्बल्ड (अक्षरं उलटसुलट केलेला) हेअरपिन नेणारा व्हायरस आणि तेवढंच प्युरोमायसिन (व्हायरस न शिरलेल्या पेशी मारणारं औषध) दिलंय ना? नुसत्या साध्या पेशींशी तुलना करून भागत नाही. दोन्हींत प्रोटीन सारखंच उतरलं असेल तर तिसरा-चौथा हेअरपिन मागव. आणि खरी परीक्षा रेस्क्यूची, हेअरपिन बसतो तिथली अक्षरं बदललेली पण प्रोटीन तेच देणारी जीनची कॉपी पेशीत घाल. पेशी वाचल्या तर तुझं म्हणणं पक्कं, तरीही मेल्या तर तो परिणाम तुझ्या जीनचा धरता येणार नाही. याला वेळ लागतो, सबमिशनआधी जमेलच असं नाही, तसं असेल तर दोन्ही हेअरपिनचे ग्राफ शेजारी शेजारी टाक आणि रेस्क्यू बाकी आहे असं थिसिसमध्ये स्पष्ट लिही. गाइडना मेल्कचा तो पेपर दाखव, ईलाइफ या जर्नलमध्ये आलाय, फुकट वाचता येतो.