आधी वही, मग डॉक्टर

प्रिय मुली,

तुझ्या लेकाला शाळा म्हणते हट्टी, सासूबाई म्हणतात लाडावलाय, मोबाइल म्हणतो एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार. आणि तू मला विचारतेस, कुणाकडे नेऊ? सांगते. आधी वही घे.

'हट्टी' या शब्दातून बोलणारा किती वैतागलाय एवढंच कळतं. वहीत असं लिही: 'मंगळवार, सकाळी ७.४०. आजोबांनी टीव्ही बंद केला. डबा फेकला, माझ्या हाताला चावला. मोबाइल दिला, गप्प झाला.' आधी काय घडलं, त्याने काय केलं, मग आपण काय केलं. हे शेवटचं घरोघर गाळतात आणि तपासणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. विशेषणं नकोत. झोप किती झाली, पोट साफ होतं का, तेही लिही.

मग वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. कान तपासून घेच. कमी ऐकू येणारी पोरं 'ऐकत नाही' म्हणून मार खाताना मी पाहिलीत. पैशांची ओढाताण असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीची, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर हेरणाऱ्या केंद्राची, चौकशी कर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं हे केंद्र, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, मोफत. खासगीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे गेलीस तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचार. लाजायचं काय त्यात? आणि वही न उघडताच निदान आणि थेरपीचं पॅकेज सांगणारा भेटला, तर सरळ उठून ये.

शाळा 'दुसरीकडे न्या' म्हणाली म्हणून रडत बसू नकोस. पहिलीत आहे ना तो? शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १६: आठवी होईपर्यंत मुलाला काढता येत नाही. कलम १७: मारायचं नाही, मानसिक छळही करायचा नाही. भांडण्याआधी वर्गशिक्षिकेलाही एक वही दे.

'आम्ही मुलाला आणलंय, हिशेब लिहायला नाही आलो,' असं एक वडील, वही मागितल्यावर, मला तोंडावर म्हणाले होते. वहीशिवाय मी कुणा पालकांशी बोललेच नाही. खडूस म्हणतात, म्हणोत. माझ्या धाकट्या भावाबद्दल कधी कुणी काही लिहून ठेवलं नाही. 'वात्रट' हा एकच शेरा त्याला जन्मभर पुरला. मी खडूस का, हे तुला तरी कळावं.

रात्री-अपरात्री अगदीच हात टेकलेस तर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन कर, १४४१६. मराठीतही बोलतात.

आणि हो, 'तो सतत मारतो' असं लिहिलंयस. सतत म्हणजे दिवसातून किती वेळा? कुणाला? पुढच्या पत्रात कळव.

तुझ्या बाई