भिशीच्या हप्त्यांच्या तारखांसाठी हलकी जावास्क्रिप्ट लायब्ररी कुठली?

तुम्ही विचारलंय की निपाणीच्या भिशी मंडळासाठी वेब ॲप करताय, दर महिन्याच्या ३१ला हप्ता, सभासदांचे मोबाईल साधे म्हणून लायब्ररी हलकी पाहिजे, तर डेजेएस ही तारखांची लायब्ररी घेऊ का. घ्या की, साधारण २ केबीची आहे आणि मोमेंटजेएस या जुन्या तारखांच्या लायब्ररीची सवय असेल तर लगेच हात बसतो (मोमेंट नवीन कामाला घेऊ नका, २०२०पासून ती टीमच तसं सांगते). फक्त ‘दर महिन्याला’ असा नियम डेजेएसमध्ये नाही, ती तारखेत महिना मिळवून देते, बस्स.

गोम तिथंच आहे बघा. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला की २८ फेब्रुवारी येते, ते बरोबरच, पण पुढचा हप्ता काढायला त्या २८मध्येच परत महिना मिळवला की २८ मार्च, मग २८ एप्रिल, म्हणजे ३१ तारीख कायमची गेली आणि मार्चमध्ये सभासद दारात उभा, माझा हप्ता तीन दिवस आधी कसा काय दाखवतोय म्हणून. त्यामुळं मागच्या हप्त्यावरून पुढचा कधीच काढू नका, पहिली तारीख धरून ठेवा आणि तिच्यातच १, २, ३ असे महिने मिळवत जा. काम एवढंच असेल तर दुसरी लायब्ररी लागतच नाही.

पण आमच्या बेळगावकडं भिशीबरोबर पिग्मी (रोजची छोटी बचत) आलीच, ती रविवार सोडून रोज, शिवाय दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक बंद. असलं काही असेल तर आररूल ही परत परत येणाऱ्या तारखा काढणारी लायब्ररी घ्या. आयकॅलेंडर या कॅलेंडर ॲप्सच्या ठरलेल्या मानकातले (आरएफसी ५५४५) नियम ती चालवते, डेटाबेसमध्ये वर्षभराच्या तारखा भरायच्या नाहीत, नियमाची एक ओळ ठेवायची आणि लागतील तेवढ्याच तारखा काढायच्या. मात्र तिला ३१ तारीख दिली तर ३१ नसलेले महिने ती सरळ गाळते, वर्षाचे पाच हप्ते गायब! तिथं बायमंथडे उणे १ द्या, म्हणजे महिन्याचा शेवटचा दिवस. ३०ची भिशी असेल तर २८, २९, ३० तिन्ही द्या आणि बायसेटपॉस उणे १, म्हणजे त्यातला शेवटचा जो असेल तो. आणि ती सगळं यूटीसीत, म्हणजे आपल्या मागं चालणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेत धरते, आपल्या मध्यरात्रीची वेळ तशीच दिली तर आदला दिवस येतो, तेव्हा तारीख तिच्याच डेटटाइम फंक्शननं बनवा.

पावती मराठी आणि कन्नड दोन्हीत लागणारच, त्याला लायब्ररी नको, ब्राउझरमध्ये आधीच असलेलं इंटल महिन्यांची नावं दोन्ही भाषांत देतं. मराठीत आकडे देवनागरी येतात, नको असतील तर नंबरिंग सिस्टम लॅटिन करा.

राहिली अमावस्या. तुमचं मंडळ त्या दिवशी हप्ता घेत नसेल तर ते कुठल्याच नियमात बसत नाही, तिथी चंद्रावर चालते. पंचांगातून वर्षाच्या अमावस्या आधीच एका टेबलात भरा आणि आररूलच्याच आररूलसेटमध्ये (नियम आणि सुट्या तारखा एकत्र ठेवायची सोय) तो दिवस एक्सडेटनं काढून दुसरा दिवस आरडेटनं घाला.