गा भाषेचे उच्चार आणि व्याकरण कसे आहे?

गा ही घानाची राजधानी अक्रा आणि आसपासच्या किनाऱ्यावर बोलली जाणारी भाषा. दांगमे ही तिची सर्वांत जवळची बहीण.

मराठी माणसाला खरी मेहनत पडते ती उच्चारांत. क आणि प (किंवा ग आणि ब) इथे एकाच क्षणी, ओठ आणि जिभेचा मागचा भाग दोन्ही मिटून उच्चारतात. आपल्या जोडाक्षरासारखे एकामागोमाग नाही. ङ आणि म यांचाही असाच एकत्रित ध्वनी आहे. तोंडी स्वर सात, अनुनासिक पाच. शिवाय उंच आणि खालचा असे दोन सूर, आणि सूर बदलला की अर्थ बदलू शकतो. रोजच्या लिखाणात सूर दाखवत नाहीत, म्हणून केवळ पुस्तकावरून ही भाषा शिकू नका, भरपूर ऐका.

व्याकरण त्या मानाने सोपं वाटेल. वाक्यात कर्ता, क्रियापद, मग कर्म. नामांना लिंग नाही. तो, ती, ते या तिघांसाठी ‘ए’ पुरतो, आणि तो क्रियापदाच्या सुरुवातीला चिकटतो. मधे ‘आणि’ न घालता क्रियापदांची साखळीही लावतात. हा या भाषेचा मला सर्वांत आवडणारा भाग.