आधी वहीत, मग तोंडाने

पोरी,

रविवारी बेळगावात गणपत गल्लीत भेटलीस आणि उभ्या उभ्या रडकुंडीला आलीस. "फिजिक्सचे सर शिकवतच नाहीत, नुसती चर्चा करायला लावतात. नोट्स नाहीत, डोक्यात काही राहत नाही."

राहत नाही असं तुला वाटतं. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्याच वर्गांत हे तपासलं होतं, २०१९ साली निष्कर्ष छापून आले. आपसात बोलून प्रश्न सोडवणाऱ्या मुलांना चाचणीत जास्त गुण होते, तरी आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटत होतं. तेव्हा वाटण्यावर जाऊ नकोस.

तू न सांगितलेलंही मला कळतं. गटात दोघं फाडफाड इंग्रजी बोलतात, उरलेले कन्नडात, आणि दहावीपर्यंत मराठीत शिकलेली तू मान हलवतेस. अशा चर्चेतून काही मिळणार नाही. आधी वहीत लिही, मग बोल. मराठीत लिही. वर फेकलेला चेंडू माथ्यावर पोचला, त्या क्षणी त्वरण किती? मनात शून्य आलं तर शून्यच लिही, पुढे 'कारण' लिही. मग शेजारणीशी भांड. कुणीतरी बरोबर उत्तर, ९.८, म्हणालं आणि तू मान हलवलीस, तर तुझं शून्य आत तसंच बसून राहतं. वेग शून्य झाला म्हणजे त्वरणही शून्य, ही गाठ दुसऱ्याच्या उत्तराने सुटत नाही. आधी वहीत. किती वेळा सांगू?

मी ३१ वर्षं प्रश्न विचारले आणि उत्तरंही मीच दिली. शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम सेकंदभर थांबतात, तीन सेकंद थांबले तर गप्प मुलंही बोलू लागतात, हे अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७४ सालीच लिहून ठेवलंय. मी वाचलं निवृत्तीनंतर. जांबोटीकडचा एक मुलगा उभा राहिला होता, ओठ हलत होते, मराठीतलं इंग्रजीत जुळवत होता. मी म्हणालो, "बस खाली." पुढे तो कधी उठला नाही. सत्तर पोरांचा वर्ग, पोर्शन संपवायचा, परीक्षा तोंडावर. माझा पोर्शन एकदाही मागे राहिला नाही, आणि हे कारण मला आजही खोटं वाटत नाही. पण ते ओठ अजून दिसतात.

नोट्स मी देणार नाही, मागू नकोस. पुढच्या रविवारी घरी ये, काकूंनी तुझ्यासाठी कुंदा आणून ठेवलाय. येताना वही आण. चुकलेली उत्तरं खोडू नकोस, मला तीच बघायची आहेत.

तुझा,
सर