कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाला अमेरिकेत एवढा मान का आहे?

तुम्ही विचारलंय की भाचीला लॉरेन्सच्या कॅन्सस विद्यापीठात प्रवेश मिळालाय, आणि तिथली जुनी मुलं तिच्याशी अभ्यासाच्या आधी बास्केटबॉलबद्दलच बोलतात. कॉलेजच्या एका संघाचं एवढं काय?

मी २००६ ते २००८ तिथेच एम.एस. करत होतो. सांगलीत आमच्या शाळेच्या मैदानावर बास्केटबॉलचे दोन खांब होते, पण रिंगला जाळी मी कधी पाहिली नाही. या खेळाशी माझी ओळख तेवढीच होती. तिथून निघालो तेव्हा मात्र मी पुरता त्यांच्यातला झालो होतो, आणि आजही रात्री दोनला उठून सामने बघतो. त्यामुळे हे उत्तर जरा लांबेल.

आधी हिशेब सांगतो. एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांची संघटना, तिची राष्ट्रीय स्पर्धा लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाने ११ वेळा जिंकली आहे, केंटकीने ८ वेळा. कॅन्ससच्या नावावर चार जेतेपदं आहेत: १९५२, १९८८, २००८ आणि २०२२. म्हणजे करंडक मोजले तर कॅन्सस पहिलं नाही. पण आपल्याकडे गाण्याच्या घराण्याचा मान आपण कशावरून ठरवतो? गुरू कोण, त्यांच्याकडे कोण कोण शिकलं आणि ती गायकी पुढे कुठवर पोचली, हेच बघतो ना? कॅन्सस हे बास्केटबॉलचं मूळ घराणं आहे. बाकीच्या मोठ्या गाद्यांपैकी काहींचे मूळपुरुष इथे शिकून गेलेले आहेत.

या घराण्याचे आद्यपुरुष म्हणजे प्रत्यक्ष हा खेळ शोधून काढणारे जेम्स नेस्मिथ. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेच्या प्रशिक्षण शाळेत, हिवाळ्यात बाहेर खेळता न येणाऱ्या मुलांसाठी त्यांनी व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या दोन टोपल्या लावल्या आणि तेरा नियम लिहून काढले. तेच नेस्मिथ १८९८ साली कॅन्ससला आले. नेमणूक होती प्रार्थनासभा चालवायची आणि शारीरिक शिक्षण द्यायची. संघ त्यांनी जाता जाता बांधला. ३ फेब्रुवारी १८९९ ला पहिला सामना झाला आणि कॅन्सस सिटीच्या वायएमसीएने त्यांना १६-५ असं हरवलं. १९०७ पर्यंत नेस्मिथ यांनी ५५ सामने जिंकले, ६० हरले. सव्वाशे वर्षांत कॅन्ससला मोजून आठ मुख्य प्रशिक्षक लाभले, आणि त्यांत विजयांपेक्षा पराभव जास्त असलेले एकटे नेस्मिथ. लॉरेन्समध्ये हे कुणी लपवत नाही, उलट कौतुकाने सांगतात. मलाही ते कौतुक पटतं. त्यांच्या लेखी खेळ माणूस घडवण्यासाठी होता, हार-जीत नंतरची.

त्यांचे शिष्य फॉरेस्ट ॲलन. पंचगिरी करताना आवाज बंदरातल्या भोंग्यासारखा घुमायचा, म्हणून 'फॉग' हे नाव पडलं ते कायमचं. ते प्रशिक्षक व्हायला निघाले तेव्हा नेस्मिथ त्यांना म्हणाले होते की हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो. ही गोष्ट तिथे कुणालाही विचारा, तोंडपाठ असते. ॲलन यांनी गुरूचं ऐकलं नाही. १९०७ ते १९०९ आणि मग १९१९ ते १९५६ त्यांनी कॅन्ससला शिकवलं, ५९० सामने जिंकले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा समावेश व्हावा म्हणून ते झटले, आणि म्हातारे नेस्मिथ तो सोहळा बघायला बर्लिनला जाऊ शकले.

ॲलन यांच्या हाताखाली १९२२-२३ च्या संघात ॲडॉल्फ रप नावाचा मुलगा होता. तो पुढे केंटकीला गेला. केंटकीच्या आठ जेतेपदांपैकी पहिली चार त्याची, विजय ८७६. १९५२ च्या विजेत्या संघात डीन स्मिथ नावाचा राखीव खेळाडू होता. तो नॉर्थ कॅरोलायनाला गेला आणि १९९७ मध्ये त्याने रप यांचा विक्रम मोडून ८७९ विजयांवर निवृत्ती घेतली. दोघेही कॅन्ससच्याच मातीतले. आज केंटकी किंवा नॉर्थ कॅरोलायना समोर आले की लॉरेन्समधले जुने लोक त्यांना परके मानतच नाहीत.

पण या घराण्याची एक गोष्ट मला आजही टोचते, आणि ती तुमच्या भाचीलाही माहीत असावी असं मला मनापासून वाटतं. जॉन मॅक्लेंडन नावाचा कृष्णवर्णीय विद्यार्थी १९३३ मध्ये तिथे आला. नेस्मिथ यांनी त्याला जवळ केलं, आपल्याकडे होतं ते सगळं शिकवलं. पण विद्यापीठाच्या संघात त्याला जागा नव्हती, कारण संघ फक्त गोऱ्यांचा होता. पोहण्याच्या तलावात उतरायलासुद्धा त्याला भांडावं लागलं. १९३६ मध्ये तो पदवी घेऊन बाहेर पडला आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या डरममध्ये कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात शिकवू लागला. तिथे १९४४ च्या मार्चमध्ये, रविवारी सकाळी, गाव चर्चमध्ये असताना, त्याने ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेच्या गोऱ्या संघाशी गुपचूप सामना ठेवला. दारं आतून बंद, प्रेक्षक नाहीत. कायद्याने असा सामना खेळणंच गुन्हा होतं. मॅक्लेंडन यांची मुलं ८८-४४ अशी जिंकली, आणि त्यानंतर दोन्ही संघांनी आपापले खेळाडू मिसळून आणखी एक डाव खेळला.

मार्च १९५७ बघा. कॅन्सस सिटीचं म्युनिसिपल ऑडिटोरियम. मॅक्लेंडन यांच्या टेनेसी ए अँड आय संघाने तिथे छोट्या कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पुढची दोन वर्षंही तेच जिंकले, लागोपाठ तीन. त्याच महिन्यात त्याच सभागृहात कॅन्सस अंतिम सामना खेळलं. संघात विल्ट चेंबरलेन होता, ज्याने पहिल्याच सामन्यात ५२ गुण केले होते. समोर नॉर्थ कॅरोलायना. तीन वेळा जादा वेळ झाला आणि कॅन्सस ५४-५३ असं एका गुणाने हरलं. ज्याला घराने दारातून आत घेतलं नाही तो नेस्मिथ यांचा शेवटच्या काळातला शिष्य त्या मार्चमध्ये जिंकला आणि घर हरलं. मी हे पहिल्यांदा समजून घेतलं त्या दिवशी ग्रंथालयात बराच वेळ नुसता बसून होतो.

साठ-सत्तरच्या दशकांवरून मी पुढे जातो. १९८३ मध्ये लॅरी ब्राउन आले. ते डीन स्मिथ यांच्याकडे खेळलेले, म्हणजे गायकी कॅरोलायनाहून फिरून घरी आली. १९८८ मध्ये ११ सामने हरलेला त्यांचा संघ डॅनी मॅनिंगच्या जिवावर ओक्लाहोमाला ८३-७९ हरवून राष्ट्रीय विजेता झाला. मॅनिंगचे ३१ गुण, आणि हुकून परत आलेले चेंडू पकडले, म्हणजे रिबाउंड, १८. मग स्मिथ यांचेच सहायक रॉय विल्यम्स पंधरा वर्षं राहिले आणि २००३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाला निघून गेले. मी पोचलो तेव्हाही लोकांच्या बोलण्यात ती जखम ओली होती. त्यांच्या जागी आले बिल सेल्फ, जे तरुणपणी ब्राउन यांच्या हाताखाली उमेदवारी करून गेले होते. म्हणजे नेस्मिथ, ॲलन, स्मिथ, ब्राउन, सेल्फ. एकही दुवा तुटलेला नाही.

एप्रिल २००८. उपांत्य सामन्यात कॅन्ससने विल्यम्स यांच्याच संघाला ८४-६६ असं हरवलं. अंतिम सामना मेम्फिसशी, प्रशिक्षक जॉन कॅलिपारी. तेही कधीकाळी कॅन्ससलाच सहायक होते. आम्ही सहाजण एका खोलीत टीव्हीसमोर होतो, सतरंजीवर, मध्ये पोह्यांची कढई. दोन मिनिटं उरली तेव्हा आपण नऊ गुणांनी मागे. आमच्यातला एकजण ताटल्या उचलून धुवायला गेला, त्याला बघवेना. मेम्फिसचे फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळणारे मोकळे नेम, चुकत गेले, आणि २.१ सेकंद उरले असताना मारिओ चाल्मर्सने तीन गुणांचा बास्केट केला. ६३-६३. ताटल्यांवाला साबणाच्या हातांनी धावत आला. जादा वेळेत ७५-६८. त्या रात्री आम्ही लॉरेन्सच्या मुख्य रस्त्यावर, मॅसॅच्युसेट्स स्ट्रीटवर गेलो तेव्हा चालायला जागा नव्हती. अनोळखी म्हाताऱ्या बाईंनी मला मिठी मारली, त्या रडत होत्या. आणि विल्यम्स? हरल्यावरही ते अंतिम सामन्याला थांबले आणि छातीवर जेहॉकचं, म्हणजे कॅन्ससचं बोधचिन्ह असलेल्या काल्पनिक पक्ष्याचं, स्टिकर लावून प्रेक्षकांत बसले. तिकडे कॅरोलायनात लोक चिडले. लॉरेन्समध्ये मात्र बऱ्याच जणांची पाच वर्षांची अढी त्या स्टिकरने सैल झाली.

डागही आहेत, ते झाकणार नाही. १९८८ च्या जेतेपदानंतर नियमभंगामुळे पुढच्या वर्षी संघाला राष्ट्रीय स्पर्धेत उतरूच दिलं नाही. २०२३ मध्ये अपात्र खेळाडूमुळे २०१७-१८ च्या हंगामातले १५ विजय आणि त्या वर्षीची फायनल फोर, म्हणजे शेवटच्या चार संघांतली जागा, नोंदीतून पुसली गेली. ते योग्यच झालं.

आता भाचीसाठी. सामने होतात ते ॲलन फील्डहाउसमध्ये, १९५५ चं बांधकाम, माझ्या वेळी १६,३०० जागा होत्या. आतून ते धान्याच्या प्रचंड कोठारासारखं वाटतं, उंच खिडक्यांतून दुपारचं ऊन थेट मैदानावर येतं. मैदानाला नाव नेस्मिथ यांचं, इमारतीला ॲलन यांचं. पाहुण्या संघाची ओळख करून देताना विद्यार्थी वर्तमानपत्रं उघडून तोंडासमोर धरतात, जणू त्यांच्यात काही रस नाही, आणि आपला संघ आला की त्याच कागदांच्या चिंध्या हवेत उडतात. २०१७ मध्ये इथला आवाज १३०.४ डेसिबल मोजला गेला, तो छताखालच्या खेळांतला जागतिक विक्रम ठरला. विद्यार्थ्यांना चांगल्या जागांसाठी गट करून दिवसेंदिवस नंबर लावावा लागतो. तिने पहिल्या आठवड्यातच एखाद्या गटात शिरावं.

शेजारच्या डीब्रूस सेंटरमध्ये नेस्मिथ यांचे ते तेरा नियम ठेवलेत. २०१० मध्ये एका माजी विद्यार्थ्याने लिलावात ४३ लाख डॉलरला घेऊन विद्यापीठाला दिले. मी २०१९ मध्ये खास त्यासाठी गेलो होतो. टंकलिखित दोन पानं, पिवळी पडलेली, खाली नेस्मिथ यांची सही. तिथून पूल ओलांडला की थेट फील्डहाउस.

आणि तिला सांगा, संघ जिंकणार हे नक्की झालं की शेवटच्या मिनिटाला घाईने बाहेर पडू नकोस. तेव्हा दिवे तेच असतात, पण गोंगाट थांबतो आणि सगळं सभागृह एका सुरात, अगदी संथ, भजनाच्या लयीत म्हणू लागतं, 'रॉक चॉक, जेहॉक, के यू'. ही आरोळी १८८६ ची आहे, रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकाने सुचवलेली, खेळ जन्मायच्याही पाच वर्षं आधीची. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला शब्द नीट कळले नव्हते, तरी शेजारच्यांबरोबर मीही म्हणत होतो.