बोर्डाची परीक्षा आणि मॉर्फिनची गोळी

तू विचारलंस, अमेरिकेतली हॉस्पिस आणि पॅलिएटिव्ह मेडिसिनची (गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या शाखेची) बोर्ड परीक्षा, म्हणजे तज्ज्ञ म्हणून मान्यता देणारी परीक्षा, कोल्हापुरातून देता येईल का. नाही. तिथे ही उपशाखा 2006 मध्ये मान्य झाली, पहिली परीक्षा 2008 मध्ये झाली. सुरुवातीला कामाच्या अनुभवावरही बसता यायचं, 2012 नंतर ती वाट बंद झाली. आता आधी मूळ शाखेची बोर्ड परीक्षा, मग वर्षभराची मान्यताप्राप्त फेलोशिप, म्हणजे प्रशिक्षण. तिकडेच राहायचं असेल तरच त्यात पड.

इथे काम करायचं तर याच विषयातली आपली एमडी आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ती 2012 मध्ये सुरू झाली. तीन वर्षं काढणं जमत नसेल, तर इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा सर्टिफिकेट कोर्स कर.

मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनांवरचं औषध, मात्र मनापासून शीक. साधी गोळी दर चार तासांनी, आणि पहिल्याच दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध. सुरुवातीला मी ते लिहायला विसरलो. गडहिंग्लजकडच्या एका आजोबांना इतकी बद्धकोष्ठता झाली, की त्यांनी गोळ्याच सोडल्या आणि दोन रात्री कण्हत काढल्या. ते मला आजही टोचतं.

आणि पेशंटचा मुलगा दाराबाहेर गाठून म्हणेल, "डॉक्टर, आबांना काही सांगू नका." त्याच्यावर चिडू नकोस, तो घाबरलेला असतो. त्याला बसव, चहा दे. मग आबांनाच विचार, "तुम्हाला आजाराबद्दल किती जाणून घ्यायचंय?" बहुतेकांना आधीच कळलेलं असतं.